बदामाची पानं आणि डॉक्टरचा तक्ता

८ जानेवारी
राजधानीहून आलेल्या डॉक्टर सोलानोने आज मला तक्ता दिला! स्लॉथच्या, म्हणजे झाडाला उलटं लटकणाऱ्या त्या संथ प्राण्याच्या, पिल्लाने कुठलं पान खावं — प्रथिनं किती, चोथा किती, पाणी किती. चार रंगांत! पिल्लाची आई विजेच्या तारेवर मेली म्हणून ते माझ्याकडे आलं; तिच्या मरणाला मात्र तक्त्यात रकाना नाही.
"गुआरुमोच्या झाडाचं पान सगळ्यांत पौष्टिक, मिस कोरिन."
हो का? मग तूच खा.

९ जानेवारी
गुआरुमो तोंडाशी धरलं. पिल्लाने सावकाश मान फिरवली. कॉन्व्हेंटमध्ये मदर अँजेला अशीच मान फिरवायच्या — न ओरडता सगळा वर्ग गप्प. त्यांच्या बाहीला साबणाचा वास यायचा. पिल्लू मादीच आहे, नाव अँजेला ठेवलं.

११ जानेवारी
तीन दिवस कडकडीत उपास. डॉक्टर रोज तक्त्यातलं पुढचं पान घेऊन येतो. विद्वान!
कुंपणापलीकडून मिस अ‍ॅडिना म्हणाली, "अगं, आईने खाल्लं तेच पोर खाणार. चाळीस वर्षं माझा नवरा माझ्या हातचं जेवून 'आईसारखं नाही' म्हणतोय. तो तर माणूस आहे!"
अँजेलाची आई कायम चर्चमागच्या बदामावर असायची. हे सगळ्या गावाला ठाऊक. डॉक्टर सोडून.

१२ जानेवारी
बदामाची कोवळी पानं आणली. हातातून घेईना. शेवटी पान माझ्याच ओठांत धरलं — आणि हळूच ओढून घेतलं तिने! आईच्या तोंडातलं घेतात तसं. काय तुरट चव! मी रडले, मग हसले.
तक्ता चुलीत घातला. डॉक्टरला फाटकातूनच सांगितलं, "तुमची प्रथिनं राजधानीला परत न्या."

१४ जानेवारी
पाऊस. अँजेला खाते आहे.

१६ जानेवारी
पाऊस थांबत नाही. शाल घेऊन बसले आहे. अँजेलाचं पोट कलिंगडासारखं टम्म! डॉक्टर भिजत फाटकाशी उभा.
"मिस, पाचच मिनिटं, तिला जरा—"
"ती जेवतेय. तुम्हीही घरी जाऊन जेवा!"
फाटक उघडलं नाही. मोठा आला शहाणा.

१९ जानेवारी
काल दुपारपासून पान घेत नाही. माझ्या ओठांतलंही नाही. शेवटी मीच डॉक्टरला बोलावलं. त्याने माझा हात धरून तिच्या पाठीवरून फिरवला. नुसती हाडं.
"पोट भरलंय, मिस. पण ती उपाशी आहे."
अंगात ऊब नसली की यांना पान पचत नाही, म्हणे. तसंच पडून राहतं. पोट दिसतं भरलेलं, अंगी काही लागत नाही.
"पान तुमचंच बरोबर होतं. माझं चुकलं. फक्त ऊब द्या, एवढंच सांगायला आलो होतो त्या दिवशी."
बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून तिच्याभोवती ठेवल्या.

२१ जानेवारी
अँजेला सकाळी गेली.
डॉक्टरला वहीत कारण लिहायचं होतं. म्हणाला, "'थंडी' लिहितो, मिस."
मी म्हटलं, खरं लिहा.
त्याने 'थंडी'च लिहिलं. म्हणून इथे लिहिते — माझ्यामुळे.