सईच्या फाइलमधली ओळ

प्रिय ताई,

काल माझा घसा बरा वाटला म्हणून उरलेल्या दोन गोळ्या मी ड्रॉवरमध्ये टाकल्या. सईनं त्या काढून माझ्या ताटाशेजारी ठेवल्या. "मम्मी, मावशी म्हणायची ना, बरं वाटलं तरी कोर्स पूरा करायचा." तुला जाऊन आठ महिने झाले, तरी माझ्या घरात तुझंच चालतं! म्हणून लिहायला बसले.

मला तुझा हेवा वाटायचा. अजूनही वाटतो.

सई सात वर्षांची असताना तिला टायफॉइड झाला, आठवतं? पलासियाच्या तुझ्या दवाखान्यात रक्त काढण्याआधी तू विचारलंस, "घरी काही अँटिबायोटिक दिलंस का?" मी नाही म्हटलं. खरं तर मागच्या आजारपणातलं उरलेलं सिरप दोन दिवस पाजलं होतं. पण तू "आल्या आमच्या अर्ध्या डॉक्टर" म्हणशील आणि सई तुझ्या बाजूनं हसेल, ते मला नको होतं. तू तरी तिच्यासमोर असं का म्हणायचीस गं?

त्या सिरपमुळे पहिल्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, काही उगवलंच नाही. ताप एकशे चार. तू पुन्हा रक्त पाठवलंस, तेव्हा कळलं की तिच्या जंतूंवर नेहमीची औषधं चालतच नाहीत. मग तू इंजेक्शन बदललंस. मधले दिवस माझ्यामुळे वाया गेले, आणि मी गप्प.

सुई टोचताना सई तुझा हात धरायची. मला म्हणाली, "तू बाहेर थांब." नव्या इंजेक्शनच्या पाचव्या दिवशी ताप उतरला, तर डोळे उघडून तिनं आधी तुला शोधलं. पोरगी वाचली होती आणि मी जळत होते. अशी कशी आई मी?

मागच्या आठवड्यात भावजींनी तिची जुनी फाइल पाठवली. पहिल्या रिपोर्टखाली तुझ्या अक्षरात एक ओळ आहे: 'आधी घरी औषध दिलेलं असावं.'

तुला माहीत होतं! तरी पुन्हा विचारलं नाहीस. त्यानंतर मला अर्धी डॉक्टर म्हणणंही सोडलंस. तेव्हा वाटलं होतं, मी जिंकले. एकदा रागवायचं तरी होतंस, बरोबरी झाली असती आपली. आता मोठेपणही तुझ्याकडेच राहिलं.

सईला ती फाइल हवी आहे, तुझं अक्षर जपायला. ती ओळ तिनं वाचण्याआधी मी स्वतः तिला सगळं सांगेन, शब्द देते. मग ती तुझ्या बाजूनं हसली तरी चालेल.

एक गोळी आज घेतली, तिच्यासमोर. दुसरी उद्या.

तुझी अर्धी डॉक्टर,
मंजू