बोट बसेल एवढी जागा

आई, आज दुपारभर मी एका ओळीशी भांडत बसले होते. गोष्टीतला शेवटचा एकच शब्द पुढच्या पानावर एकटा जाऊन पडत होता, आणि त्याला मागे ओढलं की मधल्या ओळी चेंगरत होत्या. हे पुस्तक कागदाचं नाही. कॉम्प्युटरवर नाहीतर मोबाईलवर उघडायचं. ज्याच्या हातात जेवढा पडदा तेवढ्यात ते पसरतं किंवा आखडतं, म्हणजे मी इथं सरळ केलेली ओळ कुणाच्या तरी हातात तिकडे तुटणारच. तरी केली सरळ. इतकी वर्षं हेच करतेय. डोळे चुरचुरतात, मान धरते, आणि लेखक फोनवर विचारतात, "ताई, नुसतं टाईप करून टाकायचं, त्याला एवढे दिवस कशाला?" त्यात आज आणखी एकानं तीन नवी प्रकरणं पाठवली. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. मी कॉम्प्युटर तसाच ठेवला, डोळे मिटून बसले, आणि तुझं बोट आठवलं.

तू अक्षरं शिकलीस तेव्हा मी दहावीला होते. पारगावात साक्षरतेचे वर्ग निघाले होते आणि आपल्या विहारात दुपारी बायका बसायच्या. चाळिशी उलटलेली तू, पहिला आठवडाभर पाटी पदराखाली लपवून न्यायचीस. पलीकडच्या घरातली मावशी तुझ्या जोडीला. मग वाचायला यायला लागलं आणि तू थांबेचनास. खताच्या गोणीवरचं, एसटीच्या पाटीवरचं, साखरेच्या पुडीच्या कागदावरचं, सगळं वाचायचीस. अजून तुला बघते मी. ओसरीवर बसली आहेस, मांडीवर ते वर्गातलं पातळ पुस्तक, उजव्या हाताचं पहिलं बोट ओळीखाली. बोट सरकतं, ओठ हलतात. ओळ संपली की बोट उचलतेस, मागे आणतेस, खालच्या ओळीला लावतेस. मला हसू आलं, तर तू वर न बघता म्हणालीस, "हसतीस काय? कांदं खुरपताना एक ओळ संपली की दुसरी धरतो का न्हाई? बोट सुटलं की म्या कुठं व्हते तेच कळत न्हाई."

बारावीनंतर मी जुन्नरला डीटीपी शिकले आणि तिथल्याच एका छापखान्यात लागले. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीची पत्रकं. माझ्या हातची पहिली पुस्तिका कुणाच्या तरी वर्षश्राद्धाची होती, पण मी ती मोठ्या ऐटीत घरी आणली. तू हात धुऊन, पुसून ती घेतलीस, बोट ठेवलंस आणि तिसऱ्या ओळीवर अडलीस. "लई दाटी झालीय गं. वरच्या ओळीचं पाय खालचीच्या डोक्यावर आल्यात. दोन ओळींत बोट बसलं पायजे." मला राग आला होता. चार महिने क्लास केलेली मी, आणि ही काल पाटी धरलेली बाई मला शिकवणार. पण दुसऱ्या दिवशी छापखान्यात ती पुस्तिका पुन्हा बघितली तर खरंच दाटी होती. तेव्हापासून मी ओळींमधली जागा वाढवायला लागले. मालक कुरकुरायचे, "कागद काय शेतात पिकतो का, बाई?" क्लासमध्ये मला त्या जागेचे आकडे शिकवले होते. ती जागा कशासाठी असते, हे तू सांगितलंस.

म्हणून तर ई-पुस्तकाचं काम आलं तेव्हा मी इतकी हरखले. पुण्यातल्या काही मंडळींनी मराठी पुस्तकं इंटरनेटवर फुकट द्यायचं मनावर घेतलं होतं आणि त्यांना मांडणी करणारं कुणीतरी हवं होतं. मुलांच्या गोष्टींचं चाळीस पानांचं पुस्तक. इथं कागद मोजणारं कुणी नाही, हवी तेवढी जागा सोडा. मी घरी जुना कॉम्प्युटर आणला, सगळा उन्हाळा त्याच्यापुढे घालवला. पानाला सायीसारखा रंग दिला, पांढऱ्यानं डोळे दिपू नयेत म्हणून. अनुक्रमणिकेतल्या नावावर क्लिक केलं की ती गोष्ट उघडायची. अक्षरांचा फॉन्ट फाईलमध्येच घालून द्यायचा, नाहीतर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर मराठीच्या जागी नुसता कचरा दिसायचा; हे शिकताना नाकीनऊ आले. आणि ओळी? दोन ओळींमधलं अंतर मी पडद्यासमोर बोट धरून ठरवलं. तुला वाचता आलं पाहिजे, एवढाच त्याचा हिशेब होता. शेवटच्या पानावर 'मांडणी' असं लिहून खाली माझं नाव. तुला मी आधीच सांगून ठेवलं होतं, शेवटी माझं नाव आहे, तू स्वतः वाचायचं.

तू कांद्यातून आलीस त्या दिवशी मी फाईल पाठवायच्या गडबडीत होते. नुकताच पडदा पुसला होता. तू मागं खुर्ची ओढून बसलीस, पहिलं पान बघितलंस आणि म्हणालीस, "मोकळं मोकळं हाय की." मग तुझा हात पुढे आला. तुझं बोट पहिल्या ओळीखाली टेकलं, एक शब्द गेला, दुसरा गेला, काचेवर मातीचा ओला ओघळ उठला, आणि मी ओरडले. "आई, हात लावू नकोस ना! डाग पडतात." चटका बसल्यासारखा तू हात मागं घेतलास. "बरं," म्हणालीस. पदरानं पुसायला गेलीस तर ते आणखी पसरलं, तेव्हा मी तुझ्या हातातून पदर ओढून काढला. जिच्या बोटासाठी उन्हाळाभर जागा सोडली, तिचंच बोट मी उचलायला लावलं, आणि हे त्या क्षणी माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. बोट न लावता तू थोडा वेळ बघत राहिलीस. डोळे ओळीवरून घसरत होते. मग म्हणालीस, "तू वाच. म्या ऐकते." मी एक पान घाईघाईनं वाचलं, फोन आला, राहिलं ते राहिलंच. त्यानंतर तू त्या खुर्चीत कधी बसली नाहीस.

दोनदा विचारलंस मात्र. एकदा भाकरी थापताना, पाठमोरी: "ते कागदावर निघंल का गं?" एकदा मी जुन्नरला निघाले तेव्हा दारात. दोन्ही वेळा मी "काढते" म्हणाले. छापखान्यात प्रिंटर माझ्या हाताशी होता, अर्ध्या तासाचं काम. पण माझ्या डोक्यात तेव्हा वारं शिरलं होतं, की हे पुस्तक पडद्याचं आहे, कागदावर उतरलं की त्याची मजा गेली. तो सायीचा रंग छपाईत यायचा नाही म्हणून मी थांबले, आई. किती मूर्खपणा. पुढच्या उन्हाळ्यात तुझी किडनी गेली आणि दिवाळी तू बघितली नाहीस.

आता सगळं जग काचेवर बोट टेकवून वाचतं. एसटीत शेजारची बाई मोबाईलवर बोट फिरवायला लागली की मी खिडकीतून बाहेर बघते. ही पानं मी कामाच्याच कॉम्प्युटरवर लिहितेय, ओळींत भरपूर अंतर ठेवून. ती कुणाला पाठवायची नाहीत, आणि छापणार तर नाहीच.

एक सांगायचं राहिलंय. तू गेल्यावर, तुझ्या जलदानविधीच्या दिवशी, पलीकडची मावशी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "तुझ्या आयनं तुझं कॉम्पुटरवरचं पुस्तक समदं वाचलं ना? आमाला वर्गातल्या बायांना सांगायची. शेवटाला माझ्या पोरीचं नाव हाय, म्या बोट ठिवून वाचलं, म्हनायची." तू कधी खोटं बोललेलं मला आठवत नाही. माझी लाज राखायला तेवढं बोललीस. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणाले, "हो, मावशी. सगळं वाचलं तिनं." आजपर्यंत तिला खरं सांगितलेलं नाही.