लाखावर एक वात

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्याशी भांडायची आता भीती वाटत नाही. माझी नात सातव्या महिन्यात आहे. पंधरा दिवसांमागे, मंगळवारी रक्त दिसलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, उठायचं नाही, बसायचंसुद्धा नाही. आणि माझी सून उशाशी कापूस घेऊन उभी. तिनं लेकीसाठी तिरुक्करुगावूरच्या गर्भ राखणाऱ्या देवीला लाखावर एक वातींचा नवस बोललाय, आणि नवरा गेल्यावर मी परत आले त्या या घरात अजून तुमचाच नियम चालतो: वाटून वळायच्या तर सगळ्यांच्या वाट्याला सारख्या याव्यात, नाहीतर जिच्या पोटासाठी नवस तिनंच सगळ्या वळाव्यात.

तो नियम तुम्ही आईला लावलात ती सकाळ मला अजून दिसते. याच स्वयंपाकघरात, कॉफीचं डिकॉक्शन उतरतंय आणि तुम्ही खडूनं जमिनीवर भागाकार मांडताय. दोघींत एक उरते. सातजणींत सहा उरतात. नऊजणींत दोन. दहापर्यंत गेलात आणि हात झटकून उठलात. “ही संख्या कुणात भागत नाही. तुझ्या तूच वळ.” आई पोटुशी, मांडीवर वाती वळतेय, दिवसभर पाठ जमिनीला टेकत नाही. आठव्यात मूल गेलं. तुम्ही म्हणालात, वाती पुऱ्या झाल्या नाहीत, म्हणून. मी दारातच उभी होते.

बुधवारी सुनेनं कापूस नातीच्या हातात दिला तशी पोर घाबरून उठायला लागली. मी ओरडले, “पड गप! देवी काय वाती मोजत बसलीय?”

“मोजत असली तर?” सून म्हणाली.

नात कॉलेजात गणित शिकवते. आढ्याकडे बघत म्हणाली, “आज्जी, अकरानं कुणी भागून बघितलं होतं? एकाआड एक अंक मिळव. इकडे एक, तिकडेही एक. दोन्हीकडे सारखं आलं की अकराचा भाग जातो. प्रत्येकीला नऊ हजार एक्क्याण्णव. ती संख्या मात्र पुढे फुटत नाही. म्हणजे अकरा बायका, नाहीतर नऊ हजार एक्क्याण्णव.”

“तेवढ्या देवळाच्या रांगेतच मिळतील,” मी म्हटलं. पोर हसली आणि लगेच पोट धरलं. सुनेनं धावत येऊन बघितलं; रक्त नव्हतं.

तिसरीपर्यंत शिकलेली मी. मला ते एकाआड एक कळलं नाही. पण दहावर थांबलेले तुम्ही, हे कळलं.

संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या नऊजणी आणि सून, अशा दहा जमल्या. अकरावी मी बसले. विधवेचा हात नवसाला चालत नाही, हेही तुमचंच. सुनेनं तोंड उघडलं, तशी मी म्हटलं, “मग दहाजणींत भागून दाखव.” तिनं कापूस पुढे सरकवला.

हे पत्र टाकायला पेटी कुठली. लिहून फाडणार आहे. फक्त एक, जे नातीला सांगितलं नाही. काल माझा वाटा संपल्यावर मी एक वात जास्तीची वळली. आता अकरांत भागत नाही, सगळं गणित बिघडलं. पण दोनांत सरळ भागतं. मला दोन्ही जीव हवेत, अप्पा.