बघूचं बटण

४ सप्टेंबर
नापास! माझं पहिलं ॲप साहेबांच्या एका शब्दावर आडवं झालं.

आमच्या बियाणं कारखान्यात रजेचा कागद हातोहात फिरतो. तो फोनवरून आपोआप पुढं जावा — आधी मुकादम, मंग साहेब. ह्याला वर्कफ्लो म्हणतात. चौकोन मांडायचे, बाण जोडायचे. रोज सुट्टी झाल्यावर शिकून राह्यले. बटणं दोनच ठेवली : मंजूर, नामंजूर. आज पॅकिंगच्या उषाबाईंनी लेकीच्या डोहाळजेवणासाठी रजा टाकली. साहेबांचं बोट दोन्ही बटणांवरून फिरलं, अन् म्हणले, "अक्षता, ह्यात ‘बघू’ कुठंय?"

सगळी दुनिया बघूवर चालते, अन् मी येडी हो-न्हाई मांडून बसले!

७ सप्टेंबर, वडीगोद्री
रविवार, म्हणून घरी आले. पुण्याच्या कंपनीचा मेल आण्णांना वाचून दाखवला. असलीच ॲपं बनवायची नोकरी! एकोणीस तारखेपर्यंत कळवायचंय. आण्णा मोसंबीला पाणी देऊन आल्ते. पाय धुतले, म्हणले, "बघू."

आई भाकरी थापता थापता उखडली. "मला बघायला आल्ते तवा बी हेच! च्या पिऊन उठले अन् म्हणे बघू. आजून बघूनच राह्यलेत!"

आण्णा लाजले. खरंच लाजले! अन् ताट पुढं ओढलं. त्यांचं मन मोडून मला जायचं न्हाई. अन् गेले न्हाई तर जन्मभर चुटपुट लागेल. संध्याकाळच्या गाडीपर्यंत लॅपटॉप घेऊन बसले.

१० सप्टेंबर
बघूचं बटण केलं, पण बाण चुकला. बघू दाबलं की अर्ज परत साहेबांकडंच! जेवणाच्या सुट्टीत त्यांचा फोन टुंग टुंग टुंग. डबा सोडून पळत आले बिचारे.

मंग सुचलं. आता बघू दाबलं की प्रश्न येतो — ‘काय बघायचं राहिलं?’ लिहिल्याशिवाय सुटका न्हाई. साहेबांनी लिहिलं, ‘तिच्या जागी कोण?’ उषाबाई म्हणल्या, "माझ्या बाजूची शीतल करते ना!" मंजूर!

१४ सप्टेंबर, वडीगोद्री
आण्णांच्या फोनातबी ॲप टाकलं. अर्ज माझा : पुण्याला जाऊ का? "आण्णा, हो असल तर हे दाबा, न्हाई असल तर हे." त्यांनी चष्मा पुसला, अन् दाबलं — बघू! खाली प्रश्न आला तो मोठ्यानं वाचला, फोन खिशात घातला अन् गोठ्यात निघून गेले.

मी असली चिडले! दिवसभर लॅपटॉपात तोंड घालून बसले. आई म्हणे, "न्हाई म्हणायचं असतं तर त्यो माणूस कवाच म्हणला असता."

१६ सप्टेंबर
ॲपात आण्णांचं आजून ‘बघू’च. राग धरावा म्हणलं, तर निघताना त्यांनीच पिशवीत मोसंब्या भरल्या होत्या. सोलून खाल्ली एक. गोड निघाली.

१८ सप्टेंबर
पुण्याला ‘जमणार न्हाई’ लिहायला घेतलं, अन् टुंग!

काय बघायचं राहिलं?
‘तुला. दोन रविवार आली, नुसती पाठ दिसली.’

खाली मंजूर दाबलेलं.

पुण्याला ‘येते’ कळवलं, लॅपटॉप रूमवरच ठेवला. वडीगोद्रीची गाडी गाठते.