तुमचा मेलबॉक्स हलवताना

अण्णा, तुमचा मेलबॉक्स मी हलवला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की हे वाक्य कुणासमोर म्हटलं तर लोक आधी माझ्या तोंडाकडे बघतील आणि मग विषय बदलतील, म्हणून तुम्हालाच सांगते. मिरजोळ्याच्या ज्या कॅनिंग कारखान्यात तुम्ही आंब्याची खरेदी बघायचात, तिथंच आता मी कॉम्प्युटरचं बघते. लेबलांच्या गोदामाशेजारी ती थंड खोली होती ना, त्यातल्या मोठ्या मशीनवर आपल्या सगळ्यांच्या मेल राहायच्या. खाऱ्या हवेनं त्याचे स्क्रू गंजले, पंखे तर मी किती वेळा बदलले त्याची गणती नाही. यंदा धाकट्या मालकांनी ठरवलं की या मशीनचे लाड पुरे झाले, आता मेल बाहेरच्या सर्व्हरवर ठेवायच्या, भाड्यानं.

हे काम बिऱ्हाड हलवण्यासारखंच असतं. आधी नव्या जागी प्रत्येकाच्या नावाची खोली तयार करायची, मग जुन्या जागेवरून एकेक फोल्डर उचलून तिकडे नेऊन ठेवायचा, काही मागे राहिलं नाही ना ते ताडून बघायचं, आणि शेवटी जगाला कळवायचं की यापुढे आमच्याकडे येणारं सगळं इकडे आणून द्या. लोकांना पत्ता लागता कामा नये. सकाळी येऊन त्यांनी मेल उघडावी आणि सगळं होतं तिथंच असावं. हंगामात या कामाला हात लावायची सोय नाही, म्हणून मोहोराचे दिवस धरले. बॉयलर थंड, आंबे कापणाऱ्या बायका अजून कामावर आलेल्या नाहीत, वजनकाट्यावर मांजर झोपलेलं. त्या खोलीत मी तुम्ही दिलेला स्वेटर घालून बसले होते. मी नोकरीला लागले तेव्हा तुम्ही मालाच्या ट्रकबरोबर कोल्हापूरला गेला होतात आणि येताना तो लालभडक स्वेटर घेऊन आलात. आई म्हणाली, "रत्नागिरीत स्वेटर? पोरगी उकडून मरायची." तुम्ही म्हणालात, "मशीनला थंड लागतं म्हणे. मग त्याच्या शेजारी बसणारीस नको?" सगळ्या ऑफिसात माझं हसं झालं, आणि त्या एसीखाली सर्दी न होणारी मी एकटीच निघाले.

कुणाकुणाचे मेलबॉक्स न्यायचे ते विचारायला मी धाकट्या मालकांच्या केबिनमध्ये गेले. ते माणूस म्हणून वाईट नाहीत, हे आधीच सांगते. "कामावर आहेत तेवढ्यांचे न्या," ते म्हणाले. "तिथं माणशी भाडं आहे." मी उभीच राहिले, तेव्हा त्यांना कळलं. मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "अण्णांच्या मेल डिस्कवर काढून कपाटात ठेवा. त्या टाका असं मी म्हणत नाही." मी विचारलं, "आणि पत्ता?" ते म्हणाले, "पत्ता बंद. किती दिवस चालू ठेवणार?" शनिवारी भंगारवाला यायचा होता. त्याच्या आत मशीन रिकामं व्हायला हवं होतं.

पत्ता बंद झाला की काय होतं ते मालकांना ठाऊक नसेल, मला ठाऊक आहे. बंद पत्त्यावर मेल पाठवली की ती परत येते आणि सोबत मशीनचा निरोप येतो, की या नावाचं इथं कुणी नाही. आणि तुमच्या पत्त्यावर अजून मेल येतात, अण्णा. दर वर्षी येतात. गावोगावचे बागायतदार काढणीआधी देवळात गाऱ्हाणं घालतात, पीक नीट उतरू दे म्हणून, पहिली पेटी देवीपुढे ठेवतात, आणि मग तुम्हाला कळवतात की पेटी उतरली. सवय तुम्हीच लावलीत. फोन उचलायला तुम्हाला फुरसत नसायची, म्हणून मेल करा म्हणायचात, आणि आलेल्या प्रत्येक मेलला एकाच शब्दाचं उत्तर द्यायचात, "पोचलं." तुम्ही गेलात, खरेदीला दुसरा माणूस आला, सगळा व्यवहार व्हॉट्सअॅपवर गेला, तरी पहिल्या पेटीची मेल तुम्हालाच. लोकांना माहीत नाही असं नाही. केळशीच्या काकू, नवऱ्यामागं ज्यांनी एकटीनं बाग राखली, त्या तुमच्या तेराव्याला आमसुलांची पिशवी घेऊन आल्या होत्या, आईजवळ बसून रडल्या होत्या. त्यांना मी एकदा विचारलं, की काकू, वाचणारं कुणी नाही तिथं, कशाला लिहिता? त्या म्हणाल्या, "देवीस गाऱ्हाणां घालतो तेव्हा देवी काय बोलते गो? आपण कानावर घालायचां."

तुम्हाला राग फारसा यायचा नाही. मला तुमचा एकच राग आठवतो. मी सातवी-आठवीत असेन. आई चुलीपाशी आंबोळ्या घालतेय, मी पडवीत पुस्तकात डोकं घालून बसलेय. आई हाक मारते, पुन्हा मारते, मी ऐकते आणि गप्प राहते, कारण पान संपायला दोन ओळी उरल्यात. तुम्ही कामावरून येऊन हात धूत असता. तुम्ही तसेच ओल्या हातानं येऊन माझ्या हातातलं पुस्तक मिटता. "काम नको करूस. नंतर कर, उद्या कर. पण माणसानं हाक मारली तर ओ द्यायची. नायतर त्यास वाटतं, घरात कुणी नाय." एवढंच. मारलं नाहीत, ओरडलाही नाहीत. पण त्या संध्याकाळी तुम्ही माझ्याशी पुढे बोलला नाहीत, आणि घरात कुणी नाही असं वाटणं म्हणजे काय ते मला जेवायच्या वेळेपर्यंत चांगलं कळलं. आता तुम्हीच सांगा, काकूंनी पहिली पेटी उतरल्याचं कळवायचं, आणि त्यांना माझ्या हातून उत्तर जायचं की या नावाचं इथं कुणी नाही?

मग मी काय केलं, तर माझा स्वतःचा मेलबॉक्स नेला नाही. त्या भाड्यात माझ्या नावाची एक जागा धरलेली होती, ती तुम्हाला दिली. माझं काय, मी कॉम्प्युटर विभागाच्या पत्त्यावरून लिहिलं असतं, कुणाचं काही अडलं नसतं. तुमचा मेलबॉक्स मात्र सरळ येईना. तुमच्या मेल फार जुन्या पद्धतीनं साठवलेल्या, नव्या सर्व्हरला त्या नीट उचलताच येईनात. म्हणून मी सगळ्यांत आधी तुमचे फोल्डर आणि नियम नेले, म्हणजे कुठली मेल आली की मशीननं आपोआप काय करायचं ते, आणि मग एकेक मेल जुन्या मशीनवरून तुमच्या नव्या पत्त्यावर पुन्हा पोचवली, पोस्टमननं जुनं टपाल नव्या घरी नेऊन टाकावं तशी. वाचली एकही नाही. नियम न्यायची खरं तर काहीच गरज नव्हती; गेलेल्या माणसाला कसले नियम? पण तुमचं काही म्हणजे काही त्या भंगाराबरोबर जाऊ द्यायचं नव्हतं मला. घोटाळा तिथंच झाला.

तुम्ही ऑपरेशनला कोल्हापूरला निघालात त्याच्या आदल्या दिवशी तुमच्या टेबलाशी उभी राहून मी तुमचं उत्तर टाइप केलं होतं, कुणाची मेल आली की आपोआप जाईल असं. मी लिहिलं, 'मी सुट्टीवर आहे.' तुम्ही म्हणालात, "सुट्टी कसली? पुस ते. सुट्टीवर मी कधी गेलोय?" मग तुम्ही सांगितलंत आणि मी लिहिलं, 'मी सध्या जागेवर नाही. माझ्यासाठी माल थांबवू नये.' खाली तुमचं नाव. परत यायची तारीख विचारली, तीही तुम्ही सांगितलीत, ती मी घातली. त्या तारखेला तुम्ही आला नाहीत, आणि त्या तारखेला ते उत्तर आपोआप बंद पडलं. मी ते विसरून गेले होते. नव्या सर्व्हरवर तो नियम तर गेला, पण तुमची परत यायची तारीख काही तिकडे गेली नाही. त्यामुळे मी तुमच्या पत्त्यावर पोचवलेल्या प्रत्येक मेलला, ती कुणीही, कधीही लिहिलेली असो, नव्या सर्व्हरनं ती लिहिणाऱ्याला तत्परतेनं उत्तर दिलं. गुरुवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत, अण्णा, तुम्ही अख्ख्या जिल्ह्याला कळवलंत की तुम्ही जागेवर नाही.

डबा उघडायच्या आत फोन सुरू झाले. बुरोंडीच्या बर्फवाल्यानं मला झाडलंच, मेलेल्या माणसाच्या नावानं मस्करी करता, लाज नाही वाटत? मी माफी मागितली, दुसरं काय करणार? कुणी नुसतं 'हे काय?' विचारून फोन ठेवत होतं. मग केळशीच्या काकूंचा फोन आला. मी आधीच सुरुवात केली, काकू चूक झाली, मशीनची नाही, माझीच. त्या म्हणाल्या, "थांब गो बाय, मला बोलू दे. मी काय भ्यायले नाय. चष्मा लावून दोनदा वाचलां. 'माझ्यासाठी माल थांबवू नये.' अण्णांचांच बोलणां ना ह्यां?" मी म्हटलं, हो, त्यांचंच. "तुला सांगते, अण्णांस कळवल्याबिगर मी पहिली गाडी सोडत नाय. गेल्या साली रेंज नव्हती, मेल जाय ना, तर दुपारपर्यंत गाडी उन्हात उभी ठेवली. ड्रायव्हर शिव्या घालीत बसला. आंबा तापला, भाव गेला. सून म्हणते, वेड लागलांय तुम्हांस." मग त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांनी नाक ओढलं. म्हणाल्या, "थांबवू नका म्हणून सांगितलंनी ना, मग नाय थांबवत यापुढं. पण एवढां सांगायला केवढी वर्षां लावलंनी!" फोन ठेवताना मात्र म्हणाल्या, "परत तसां येऊ देऊ नको हां. एकदा आलां, बरां वाटलां. पुन्हा पुन्हा आलां तर सोसायचां नाय."

धाकट्या मालकांनी बोलावलं तेव्हा मी नोकरी जाणार असं धरूनच गेले. त्यांनी विचारलं, "मी नको म्हटलं असताना हलवलात?" मी म्हटलं, "भाडं वाढवलं नाही. माझ्या जागेवर त्यांना ठेवलं." त्यांना ते समजायला जरा वेळ लागला. मग त्यांनी आपला फोन माझ्यापुढे सरकवला. त्यांनाही तुमचं उत्तर आलं होतं. "पुण्याला शिकत होतो तेव्हा मी त्यांना लिहायचो," ते म्हणाले. "बाबांशी बोलणं व्हायचं नाही माझं." इतका मोठा माणूस, तुमचं ते उत्तर फोनवर उघडं ठेवून बसला होता, आणि त्यांच्याकडे बघवेना म्हणून मी खिडकीतून रिकाम्या वजनकाट्याकडे बघत राहिले. शेवटी ते म्हणाले, "पत्ता राहू दे. पहिल्या पेट्यांच्या मेल येत राहू देत. तुमची जागा तुम्ही परत घ्या, अण्णांच्या जागेचं मी बघतो. फक्त ते उत्तर आज बंद करा. लोकांना त्रास होतो." मी हो म्हटलं. शनिवारी भंगारवाला मशीन घेऊन गेला. उचलताना त्याचे दोघे जण वाकले तेवढंच, बाकी काही जाणवलं नाही. म्हणजे, तुमचं त्यात काही उरलं नव्हतं, याचं मला समाधान होतं.

पण त्या सगळ्या गडबडीत एक गोष्ट माझ्या नंतर ध्यानात आली आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. तुमचं उत्तर काकूंना आलं, बर्फवाल्याला आलं, मालकांना आलं, कुठल्या कुठल्या पॅकिंगच्या खोकेवाल्याला आलं. मला आलं नाही. कारण तुम्हाला मी कधी लिहिलंच नाही. कशाला लिहीन? एका घरात राहायचो, एका स्कूटरवरून कामाला यायचो, हाक मारली की तुम्ही ओ द्यायचात.

म्हणून आज हे लिहायला बसले. नवीन मेल उघडून वर तुमचा पत्ता घातलाय, आणि ऑफिसात सगळे जेवायला गेलेत. पाठवणार नाही, हे निम्मं लिहून झाल्यावर कळलं. मालकांना मी सांगितलंय की उत्तर बंद केलं. केलेलं नाही, अण्णा. रोज त्या बटणापर्यंत जाते आणि परत येते. ते बंद करणारा हात माझाच असायला हवा, दुसऱ्या कुणाचा लागू द्यायचा नाही, आणि माझा होत नाही. आणि ते चालू असताना हे पाठवलं, तर क्षणात उत्तर येईल. तुम्ही जागेवर नाही असं सगळ्या जिल्ह्यानं तुमच्याकडून ऐकून घेतलं, काकूंनी तर ते मानलंसुद्धा. मला ते तुमच्याकडून ऐकायचं नाही.