नऊ चुकांचा उतारा

फर्न लेक, मिनेसोटा
९ नोव्हेंबर १९८३

प्रिय आर्डिसताई,

धाकट्या भावाचा नमस्कार. तुझी, वेंडेलभाऊजींची आणि भाऊजींच्या गुडघ्याची तब्येत बरी असेल अशी आशा करतो. (गुडघ्याची चौकशी वेगळी केली, कारण गेली चार वर्षं नाताळच्या कार्डावर तेवढीच बातमी असते, आणि तीही भाऊजींच्या अक्षरात.) ॲरिझोनात आत्ता ऊन असेल. इथे तळ्याच्या कडेला बर्फाची साय धरायला लागली आहे. माझी तब्येत उत्तम. खोकला आहे, पण तो ऑक्टोबरपासूनचाच आहे, नवा नाही.

चार वर्षांत तू मला एक ओळ लिहिली नाहीस. का, ते मला ठाऊक आहे, उगीच वेड पांघरत नाही. आई गेली त्या वर्षी ईस्टरला तू मला पाच पानी पत्र पाठवलंस. आईचं स्वयंपाकघर, तिचे शेवटचे दिवस, सगळं त्यात होतं. ते मी लाल पेन्सिलीने तपासून तुला परत पाठवलं. तेवीस चुका. आता तूच विचार कर, एकोणतीस वर्षं चौथीचा वर्ग शिकवलेल्या माणसाच्या हातात कागद आला की पेन्सिल आपोआप चालते. शिवाय समासात मी ‘भावना उत्तम, परिच्छेद पाडावेत’ असा शेराही दिला होता. तो तू वाचला नसावास. असो. ते उगाळायला हे पत्र नाही. शाळेत जरा गंमत झाली, ती तुला कळवावी म्हणून लिहितो आहे.

माझे उतारे तुला आठवत असतीलच. दर आठवड्याला जो सण जवळ आला असेल त्यावर मी आठ-दहा ओळी लिहितो, त्यात मुद्दाम चुका पेरतो, आणि खाली आकडा देतो: ‘या उताऱ्यात सात चुका आहेत.’ जांभळ्या शाईच्या यंत्रावर प्रती काढायच्या, मुलं आधी कागद नाकाला लावून वास घेणार, मग लाल पेन्सिली काढणार. फेब्रुवारीत बिळातून बाहेर येऊन सावली बघणारं जनावर, मेमध्ये सैनिकांच्या थडग्यांवरच्या झेंड्या, ऑक्टोबरात भोपळे. सणाचा उतारा म्हटला की सुट्टीच्या आदल्या दिवशीसुद्धा वर्ग चिडीचूप. इतर शिक्षकांच्या वर्गात त्या दिवशी खुर्च्या उडत असतात. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही (थोडी फुशारकी आहे).

पण यंदाच्या पोरांना वर्गातला उतारा पुरेना. खिशात लाल पेन्सिली घेऊन ती गावभर हिंडायला लागली. कॅफेतलं मेनूकार्ड तपासलं. पशुवैद्याची पाटी तपासली. शेवटी किराणा दुकानाच्या काचेवर चर्चच्या लुटफिस्कच्या, त्या बादलीत भिजवून शिजवायच्या माशाच्या, जेवणाची जाहिरात होती, तिच्यावर कुणीतरी तारखेला काट मारून वर दुसरी लिहिली, आणि खाली लिहिलं, ‘या उताऱ्यात एक चूक आहे.’ दुसऱ्या दिवशी पाद्री लिंडग्रेन शाळेत हजर. आपल्या गावात माणूस तक्रार घेऊन आला तर काय होतं ते तुला सांगायला नको. वीस मिनिटं आम्ही हवेवर बोललो. मग त्यांच्या गाडीच्या बॅटरीवर. कॉफी दोनदा नको म्हणाले, तिसऱ्यांदा घेतली. दाराशी गेल्यावर म्हणाले, “ऑर्विल, मुलं फार हुशार आहेत हो तुमची.” एवढ्यावरून मी ओळखलं की माणूस संतापाने थरथरतो आहे. पण घरी जाऊन त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, तर पोरांचंच बरोबर. जाहिरातीत वार शनिवार आणि तारीख शुक्रवारची होती. निम्मं गाव शुक्रवारी येऊन थडकलं असतं, आणि मासा तेव्हा बादलीतच भिजत असता.

एवढ्यावर भागलं असतं, पण पुढच्याच आठवड्यात हेडमास्तर वेस्टबींनी पालकांना पाठवलेलं परिपत्रक सव्वीसच्या सव्वीस घरांतून तपासून परत आलं. एका प्रतीवर ‘भावना उत्तम’ असा शेराही होता. (ही शिकवण कुणाची, हे मी वेस्टबींना सांगितलं नाही.) वेस्टबींनी मला बोलावलं. हवेवर ते पाचच मिनिटं बोलले, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. म्हणाले, “हे बघ ऑर्विल, मुलांना गावापासून लांब ठेव. थँक्सगिव्हिंगचा उतारा घरगुती कर. तुझ्या स्वतःच्या घरातलं काहीतरी लिही. तिथे कुणाचं काही दुखायला नको.”

म्हणून मी घरचं लिहिलं. साधा उतारा होता. थँक्सगिव्हिंगला दरवर्षी माझी थोरली बहीण आर्डिस ॲरिझोनाहून येते. येताना जंगली तांदळाचं सारण करून आणते. आम्ही आईच्या टेबलाशी बसतो, ती प्रार्थना म्हणते, टर्की मी कापतो आणि वाकडी कापली म्हणून ती मला बोलते. भांडी मी घासतो. यात मी नऊ चुका पेरल्या आणि खाली तसा आकडा दिला. लिहिताना मला काही वावगं वाटलं नाही, शपथेवर सांगतो. सणाचा उतारा असाच लिहायचा असतो, बहिणी येतात, टेबलं भरतात. रिकाम्या टेबलावर आठ ओळी कोण लिहितो?

ट्रूडी हॉगनने दहा काढल्या. ट्रूडी म्हणजे आपल्या शेजारच्या हॉगनांची धाकटी, तू गेलीस तेव्हा भिंतीवर खडू ओढत असायची ती. मी म्हटलं, “नऊच आहेत, पुन्हा मोज.” तिने मोजल्या. “दहाच आहेत, सर. दहावी पहिल्याच ओळीत आहे. तुमची बहीण येत नाही. गेल्या थँक्सगिव्हिंगला तुम्ही आमच्याकडे जेवलात, त्याच्या आधीही. बाबा म्हणाले, विचारायचं नाही, म्हणून मी विचारलं नव्हतं.” मी म्हटलं, अगं, हा भाषेचा उतारा आहे, खऱ्याखोट्याचा नाही. त्यावर ती म्हणाली, “पण पाद्रीबाबांची तारीख निघाली तेव्हा तुम्हीच म्हणालात ना, जे खरं नाही तीपण चूकच?” म्हणालो होतो. चांगल्या सूचना देणाऱ्या शिक्षकाचं हे असं होतं.

मग दहावी चूक दुरुस्त कशी करायची यावर चर्चा झाली, आणि ती मला आवरता आली नाही. (खरं म्हणजे मी खिडकीपाशी जाऊन खोकत उभा होतो.) वर्गाने दोन मार्ग काढले: एक, वाक्य खोडायचं, दोन, बहिणीला बोलवायचं. हात वर करून मतदान झालं. खोडा म्हणणारा एकटा लोनी रूड. त्याचं मत नेहमी ज्यात लिहिणं कमी त्या बाजूला पडतं. बाकी पंचवीस हात तुझ्या बाजूने होते. तू त्या मुलांना ओळखत नाहीस, तीही तुला ओळखत नाहीत. मला त्या पंचवीस हातांचं जे वाटलं ते वर्गात दाखवण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, भूगोलाची पुस्तकं काढा.

तर अशी ही गंमत. तुला हसू येईल म्हणून कळवली. मी तुला बोलवतो आहे असं समजू नकोस. तुमचा बेत ठरलेला असेल, भाऊजींच्या गुडघ्याला थंडी बाधते, आणि विमानतळापासून इथवर दोन तास लागतात, ते मला कळतं. रस्ते मात्र सध्या कोरडे आहेत, एवढं नमूद करतो.

भाऊजींना नमस्कार. काळजी घे.

तुझा भाऊ,
ऑर्विल

ता. क. खाटकाकडे आठ पौंडांची टर्की सांगायला गेलो होतो, तोंडातून अठरा निघालं. आता सांगितलं ते सांगितलं. एकटा माणूस अठरा पौंड फेब्रुवारीपर्यंत खाईल. वरच्या खोलीतला हीटर परवा दुरुस्त करून घेतला. सहजच.

आणखी एक ता. क. उत्तर लिहावंसं वाटलं तर जसं सुचेल तसं लिही. परिच्छेद पाडायची गरज नाही. स्पेलिंगही मनात येईल ते लिही. मी ते वाचीन आणि ठेवून देईन, एवढंच करीन.

शेवटचं ता. क. हे पत्र काल वर्गात माझ्या टेबलावर राहिलं. ट्रूडीला वाटलं हा नवा उतारा, फक्त सर खाली आकडा द्यायला विसरले. घरी नेऊन तिने ते तपासलं आणि आज सकाळी परत आणून दिलं. मी रागावणार होतो, पण आधी पानं उलटून पाहिली. लाल खूण कुठेच नव्हती. मी तिला म्हटलं, एकही चूक नाही ना? ती म्हणाली, “चूक नाही, सर. पण एक वाक्य राहिलंय. मी दोनदा शोधलं. एवढी पानं लिहिलीत आणि सॉरी कुठेच म्हटलं नाही.” मधल्या सुट्टीत दार लावून मी पहिल्या ओळीपासून वाचलं. हवा आहे, खोकला आहे, हीटर आहे. ते वाक्य खरोखरच नाही. चार वर्षांत ते मी कुठेही लिहिलेलं नाही, बोललोही नाही.

ताई, माझं चुकलं. तू आईबद्दल लिहिलं होतंस, आणि मी त्यात चुका मोजत बसलो.