उजवीकडे व्हा

४ नोव्हेंबर
आलो बुवा एकदाचा! खासगी जंगल, पंधरा लाकूडतोड्यांची टोळी आणि माझा पहिलाच स्वतंत्र ठेका. मालकीणबाईंनी चहा देता देता अटी वाचून दाखवल्या: खूण केलेलंच झाड तोडायचं, ओढ्याकाठचं सोडायचं, झाड पडण्याआधी हाक ठेकेदारानेच द्यायची, आणि रोजचं रोज लिहून ठेवायचं. हे घ्या, लिहितोय. खोलीला दोन खिडक्या आहेत. खाट कुरकुरते, पण झोप झकास लागेल.

६ नोव्हेंबर
आधीचे ठेकेदार आबा. गेल्या वर्षी हाक देऊन सगळ्यांना बाजूला केलं आणि स्वतः झाडाखाली सापडून गेले. वाईटच झालं. पण म्हणून उठता-बसता आबा? आबा बुंधा कसा जमिनीलगत कापायचे, बी पडावं म्हणून ठेवलेल्या जुन्या झाडांना कसं जपायचे! मालकीणबाई मला म्हणाल्या, शिकाल हळूहळू. वीस वर्षं मी काय माश्या मारल्या?

९ नोव्हेंबर
मी ओरडलो, डावीकडे व्हा! टोळी उजवीकडे पळाली. आणि झाड पडलं डावीकडेच. मुकादम म्हणाला, आबांनी उजवीकडे सांगितलं ना. मी हसलो. दुसरं कोणी हसलं नाही.

११ नोव्हेंबर
आता मलाही आबांची हाक ऐकू येते. माझ्या हाकेच्या जरा आधी. खणखणीत, मायेची. अंगावर काटा येतो, पण खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त जळफळाट होतो. मेल्यावरही टोळी त्याचीच!

१२ नोव्हेंबर
आज हाक दिलीच नाही. बघू म्हटलं. त्याने दिली. सगळे वाचले. घरापर्यंत ऐकू गेली म्हणे. मालकीणबाईंनी शाबासकी दिली — मला. त्याच्या हाकेबद्दल.

१३ नोव्हेंबर, सकाळ
त्याने जपलेलं सगळ्यात जुनं झाड. खूण मीच केली. मुकादम पाया पडला. टोळी निघून गेली. जा म्हणावं. करवत मलाही चालवता येते.

दुपार
कापलं. पण शेजारच्या झाडात अडकलंय. दम लागलाय, म्हणून बुंध्याशीच टेकलो. लिहायची अट आहे ना —

वर कडकड —

तो बोलतोय. अगदी कानाशी. उजवीकडे हो, बाळा.

बाळा म्हणे! मला!

पुन्हा. रडतोय की काय —

टोळी हलत असेल तुझ्या हाकेवर. मी नाही. मी जाईन तर डावी—